पूर्णाकाठचे घर: माळवदापासून स्लॅबपर्यंत

अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावलेली पूर्णा नदी येलदरी, सिद्धेश्वर ही धरणे ओलांडून पूर्णा शहराजवळून जाते आणि कंठेश्वरला गोदावरीत मिसळते. या काठावरच्या साध्या घराने गेल्या साठ वर्षांत तीन छपरे पाहिली. माझ्या मते मात्र खरा बदल छपरात नव्हे, जागेत झाला.

जुने गाव पांढरीवर, म्हणजे उंचवट्यावर वसलेले असायचे. खालची काळी जमीन पिकाची आणि पुराची. पांढरीवर दगडमातीच्या जाड भिंती, लाकडी खांब, तुळया आणि वर मातीचे माळवद. बाहेर पारा पंचेचाळिशीकडे चढला तरी आत गारवा. पावसाळ्याआधी माळवदावर नवी पांढरी माती पसरायची, ती चोपून नीट बसवायची. दरवर्षी ही निगा राखली नाही की घर गळायचे.

पण त्याच निगेने छत थरावर थर चढत जड होत गेले. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात अशीच घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. पूर्णा तिथून दूर, तरी माळवदावरचा भरवसा सगळ्या मराठवाड्यातून उडाला. लोकांनी माती उतरवून पत्रे टाकले. जीव वाचवण्यासाठी घेतलेला तो निर्णय होता, त्याला नावे ठेवता येत नाहीत. उन्हाळ्यात मात्र दुपारी पत्र्याखाली बसवत नाही.

मग स्लॅब आला. 2016 पासूनच्या पंतप्रधान आवास योजनेत सपाट प्रदेशातल्या घरकुलाला 1.20 लाख रुपये आणि किमान 25 चौरस मीटर जागा, एवढ्यात जे बसेल ते घर. त्यात बहुधा सर्वांत आधी ओसरी वगळली जाते. हे मला फार लागते, कारण आपल्याकडे धान्य निवडण्यापासून पाहुण्यांपर्यंत निम्मे घर ओसरीतच चालते.

जागेचे काय झाले? 1968 मध्ये येलदरी आणि सिद्धेश्वर पूर्ण झाली. नदीचे दरवर्षीचे फुगणे कमी झाले, तशी पुराची धास्तीही ओसरली. पांढर अपुरी पडली आणि वस्ती काळीत उतरली. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि उथळ पाया उचलून भिंती तडकवते. धरण भरल्यावर दारे उघडली की नदी जुन्या वाटेने परतते, हे 2025 च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीने मराठवाड्यातल्या कितीतरी गावांना पुन्हा दाखवले.

उपाय नवे नाहीत. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी तळाशी फुगीर असलेले पायाचे खांब विकसित केले. ते ओल न बदलणाऱ्या थरापर्यंत उतरतात. लॉरी बेकर यांनी रुजवलेल्या रॅट-ट्रॅप बाँडमध्ये विटा कडेवर उभ्या रचून भिंतीत पोकळी ठेवतात. सुमारे चौथाई विटा वाचतात आणि ऊनही अडते. पूररेषाही आखण्याची पद्धत आहे: निळी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळीच्या आत घर नकोच. दोन्हींच्या मध्ये बांधावेच लागले, तर जोते लाल रेषेच्या पातळीहून वर घ्यावे आणि गच्चीचा जिना बाहेरून काढावा. पाणी चढले तर आधी माणसे, मग धान्याची पोती वर नेता येतात.