शुक्रवारचा सूर्य मावळण्याआधी

अमेरिकेतल्या ज्यू उन्हाळी शिबिरांत (तिथे सगळे त्यांना ‘कॅम्प’च म्हणतात) देखभाल करणाऱ्या माणसांची खरी कसोटी शुक्रवारी दुपारी लागते. शेकडो मुलं तळ्यावरून आणि मैदानावरून एकदमच परत येतात. पुढच्या दोन-तीन तासांत सगळ्यांच्या अंघोळी उरकायच्या असतात, धुतलेले, बहुधा पांढरे कपडे घालून प्रार्थनेला उभं राहायचं असतं. पाण्याच्या पंपावर आणि गरम पाण्याच्या टाक्यांवर एवढा ताण आठवड्यात दुसऱ्या कुठल्या दिवशी येत नाही. त्याच वेळी भटारखान्यात दोन दिवसांचा स्वयंपाक एकदम चाललेला असतो. लग्नघरात मुहूर्ताआधी जी धांदल असते ती इथे दर आठवड्याला असते, आणि मुहूर्त पुढे ढकलता येत नाही. सूर्यास्ताच्या आधी, प्रथेप्रमाणे अठरा मिनिटं आधी, मेणबत्त्या लागल्या की शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, सुरू. मग शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत विस्तव पेटवायचा नाही, दिव्याचं बटण दाबायचं नाही, लिहायचं नाही, मोडलेलं दुरुस्त करायचं नाही.

शब्बाथ मराठी माणसाला अगदीच परका नाही. कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत; आसपासच्या गावांत त्यांना शनवार तेली म्हणत ते त्यामुळेच. पण घाणा थांबवला की थांबतो. शेकडो मुलांची वस्ती थांबवता येत नाही. तिला पाणी लागतं, रात्री संडासात उजेड लागतो, गरम जेवण लागतं. हे सगळं कोणी हात न लावता पंचवीस तास चालू राहील, अशी व्यवस्था आधी कोणी तरी करून ठेवावी लागते. या कॅम्पांबद्दल लिहिताना गाणी, हिब्रू आणि तळ्याकाठची प्रार्थना यांबद्दल भरभरून लिहिलं जातं. मला त्यामागची व्यवस्था जास्त ओढ लावते, कारण मुलांची विश्रांती देखभालीच्या माणसांनीच घडवलेली असते.

ते काय काय करतात? जेवणघरातले दिवे टाइमरवर लावतात. रात्रभर चालू राहायला हवेत अशा दिव्यांच्या बटणांवर चिकटपट्टी मारतात, कारण सवयीनं हात तिकडे जातोच. दार उघडल्यावर फ्रिजमधला दिवा लागू नये म्हणून बल्ब आधीच काढून ठेवतात. वीज वाचवण्यासाठी माणसाच्या हालचालीवर लागणारे दिवे बाकी सगळीकडे बसवतात. नियम काटेकोर पाळणाऱ्या कॅम्पात मात्र ते बसवण्याआधी दहादा विचार करावा लागतो, कारण संडासात पाऊल टाकणाऱ्या मुलाकडून नकळत दिवा पेटतो. शब्बाथला फाडणंही निषिद्ध, म्हणून संडासातला कागदसुद्धा आधी तुकडे करून ठेवलेला असतो.

या सगळ्यांत मला सर्वांत विलक्षण वाटतो तो एरुव. शब्बाथला घराबाहेरच्या मोकळ्या जागेत काही वाहून नेता येत नाही; प्रार्थनेचं पुस्तक नाही की पाण्याची बाटली नाही. पण सगळा परिसर एका आवारात आला, तर त्या आवारात नेता येतं. जंगलाच्या कडेला पसरलेल्या जागेभोवती भिंत कुठून बांधणार? म्हणून धर्मशास्त्रानं दाराची चौकट मान्य केली. दोन उभे खांब आणि त्यांवरून गेलेली आडवी दोरी म्हणजे एक दार, आणि अशी दारं सलग उभी केली की ती भिंत. तालमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथसंग्रहात या विषयाला एक अख्खा ग्रंथ दिलेला आहे. त्यातली खोच सुताराला चटकन कळेल अशी आहे : दोरी खांबाच्या माथ्यावरून गेली पाहिजे. खांबाच्या बाजूला खिळा ठोकून तिथे बांधली तर ती चौकट होत नाही, कारण दाराची वरची पट्टी उभ्या पट्ट्यांच्या डोक्यावर असते, कुशीत नसते. दोरी एका ठिकाणी जरी तुटली तरी तिथून आवार उघडं पडतं. त्यामुळे दर शब्बाथच्या आधी अख्खी सीमा फिरून पाहावी लागते. गुरुवारी रात्री वादळ झालं की शुक्रवारी सकाळी शिडी, दोरीचं बंडल आणि करवत घेऊन माणसं झाडीत शिरतात. आवार वैध झालं की नाही हे रब्बी ठरवतो. पण पडलेली फांदी हटवून दोरी पुन्हा माथ्यावर चढवणारा माणूस पुष्कळदा ज्यू नसतो.

पुष्कळ कॅम्प आडगावात आहेत. तिथे बारमाही राहणारा देखभालीचा प्रमुख बहुधा त्याच पंचक्रोशीतला असतो. उन्हाळ्यापुरती येणारी मंडळी पूर्व युरोपातून किंवा मेक्सिकोतून व्हिसा घेऊन आलेली असतात. त्यांनी हिब्रू शिकलेलं नसतं, पण कुठल्या गोष्टीनं काय बिघडतं हे त्यांना चोख ठाऊक असतं. शिवाय ज्यू नसलेल्या माणसाला शब्बाथच्या दिवशी ‘हे काम कर’ असं सांगण्यावरही धर्मशास्त्राची बंधनं आहेत. म्हणून पाइप फुटला तर काय, मैला वर आला तर काय, हे आधीच बोलून ठेवलेलं बरं असतं. जिवाला धोका असेल तर मात्र प्रश्नच उरत नाही. जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडणं हेच कर्तव्य. बाकी बारीकसारीक तक्रारी लिहूनही घेता येत नाहीत. त्या तोंडी लक्षात ठेवायच्या आणि तारे दिसल्यावर सांगायच्या. विस्कॉन्सिनच्या उत्तर टोकाला जूनमध्ये तारे दिसेपर्यंत दहा वाजत आलेले असतात. बाकीचे गाण्यांना बसतात, आणि ही माणसं पान्हा उचलतात.

विस्कॉन्सिनचं नाव सहज आलं नाही. तिथल्या कोनोव्हर गावाजवळ 1947 मध्ये रामा या ज्यू कॅम्पांच्या चळवळीचा पहिला कॅम्प सुरू झाला. तिथला हिवाळा असा की नळात राहिलेलं पाणी गोठून फुगतं आणि नळ चिरतो. उन्हाळ्यापुरत्या कॅम्पांत नळ बऱ्याचदा जमिनीच्या वरच्या थरातच टाकलेले असतात, म्हणून मुलं गेल्यावर थेंबन्‌थेंब काढावा लागतो. कॉम्प्रेसरनं हवा मारून नळ कोरडे करायचे आणि बेसिन-संडासांच्या वाकड्या नळीत न गोठणारं गुलाबी द्रावण ओतायचं. बर्फाच्या रेट्यानं मोडू नयेत म्हणून तळ्यातले लाकडी धक्के काठावर ओढायचे. वसंतात सगळं उलट. पाणी सोडायचं, कुठे फवारा उडतो ते पाहत एकेका खोलीखाली पालथं पडून रांगायचं, डासांच्या जाळ्या शिवायच्या, विहिरीच्या पाण्याचे नमुने तपासणीला पाठवायचे.

भटारखान्याची तयारी वेगळी. मांसाची भांडी आणि दुधाची भांडी कधी एकत्र येत नाहीत. ओटे, मोऱ्या, पळ्यासुद्धा वेगळ्या. अन्न थेट ज्यावर भाजलं गेलं ती लोखंडी जाळी पुन्हा कोशेर, म्हणजे ज्यू आहारनियमांना चालेल अशी, करायची तर ती ठिणग्या उडेपर्यंत तापवावी लागते, आणि हे काम गॅसच्या टॉर्चनं होतं. ज्यात पाणी उकळून शिजलं ते भांडं उकळत्या पाण्यात बुडवून शुद्ध होतं. देखरेख धर्मनिरीक्षकाची असते, पण टॉर्च कसा धरायचा ते फिटरला जास्त कळतं.

कॅम्प कोणासाठी आहे, हेही देखभालीच्या माणसांच्या कामातून ठरतं. 1970 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ग्लेन स्पे इथल्या रामा कॅम्पात हर्ब आणि बार्बरा ग्रीनबर्ग यांनी अपंगत्व असलेल्या मुलांसाठी ‘तिक्वा’ हा उपक्रम सुरू केला. आज रामाच्या इतर कॅम्पांतही तो आहे. सर्वांना सामावून घेण्याचं धोरण कागदावर मंजूर होतं. व्हीलचेअर तळ्यापर्यंत जाईल एवढ्या बेताचा उतार काढणं आणि पावसानं वाहून गेलेली पायवाट दर वर्षी पुन्हा दाबून घेणं हे काम फावड्याचं आहे.

कॅलिफोर्नियात गोष्ट फावड्याच्याही पलीकडे गेली. ऑक्टोबर 2017 मध्ये टब्स वणव्यात सांता रोझाजवळच्या कॅम्प न्यूमनच्या बहुतेक इमारती जळाल्या. टेकडीवरचा मोठा दाविदाचा तारा वाचला. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वूल्झी वणव्यानं मालिबूतल्या हेस क्रेमर आणि गिंडलिंग हिलटॉप या कॅम्पांची राख केली. न्यूमननं नंतरचे काही उन्हाळे वालेहोच्या सागरी अकादमीच्या आवारात काढले. त्या बाजूच्या कॅम्पांत इमारतीभोवतीचं वाळलं गवत आणि झुडपं साफ ठेवणं ही आता शोभेची गोष्ट राहिलेली नाही.

देखभालीच्या या माणसांना कॅम्पात मान किती मिळतो? कॅम्पाकॅम्पात फरक आहे. 1930च्या दशकात रुजलेल्या हबोनिम या ज्यू युवक चळवळीच्या कॅम्पांत मुलांनी रोज काही श्रम करायचे हा नियमच आहे, कारण शेतावर राबणाऱ्या समाजाचं स्वप्न त्यामागे होतं. इतर अनेक कॅम्पांत मुलं सकाळी आपापली खोली झाडतात, तिथेच त्यांचे श्रम संपतात. इमारतींवर देणगीदारांच्या नावाच्या पाट्या असतात आणि त्या असाव्यातच. पैशाशिवाय छप्पर उभं राहत नाही. पण पंपघरावर कोणाचं नाव का नसावं? माझ्या हाती असतं तर मी मोठ्या मुलांच्या प्रत्येक गटाला एका शुक्रवारी सकाळी शिडीवाल्यांच्या मागे झाडीत पाठवलं असतं. अख्खी सीमा चालायला लावली असती, दोरी कुठून जाते ते स्वतः पाहायला लावलं असतं, आणि जेवणाआधी शिडी त्यांच्याकडूनच उचलून परत आणवली असती.