चव दाखवायची, पण फुकट का? क्योतोतला माझा एक दिवस



मागच्या बॅचमध्ये सांगलीकडच्या एक ताई होत्या. घरी लोणची करतात. भिशीचे ४० हजार रुपये घालून त्यांनी एका प्रदर्शनात स्टॉल घेतला. चार दिवस लोक येत होते, चमच्याने चव घेत होते, "छान आहे हं" म्हणून पुढे जात होते. स्टॉलचं भाडंसुद्धा सुटलं नाही. त्यांनी मला विचारलं, "सर, चवीला पैसे लावले तर लोक नावं ठेवतील का हो?" खरं सांगतो, माझ्याकडे उत्तर नव्हतं. थातूरमातूर काहीतरी बोलून वेळ मारून नेली, आणि ते मनात खुपत राहिलं.

नंतर कामानिमित्त जपानला, ओसाकाला जाणं झालं. परतीच्या आदल्या दिवशी मोकळा होतो आणि एकटाच होतो. एकट्याचं एक बरं असतं बघा, एखाद्या दुकानासमोर अर्धा तास उभं राहिलात तरी कुणी "चला ना आता" म्हणत नाही. सकाळीच क्योतोची ट्रेन पकडली. अर्ध्या तासाचा प्रवास.

पहिला मुक्काम निशिकी बाजार. जेमतेम ३९० मीटरची अरुंद, छत घातलेली गल्ली आणि त्यात सव्वाशेच्या आसपास दुकानं. मासे, टोफू, वाळवलेल्या वस्तू, लोणची. इथे चालता चालता खाऊ नका असं सांगणारे बोर्ड आहेत. घ्यायचं आणि त्याच दुकानापाशी उभं राहून संपवायचं. कारण स्वच्छतेचं आणि गर्दीचं आहे, पण धंद्याच्या नजरेने बघा: गिऱ्हाईक दोन-चार मिनिटं तुमच्याच दारात थांबतं. खाताना त्याची नजर मागच्या मालावर फिरते. मी एक वस्तू घ्यायला थांबलो आणि तीन घेऊन निघालो.

लोणच्याच्या दुकानात मात्र चव फुकट होती. वांगं आणि लाल शिसोच्या पानांचं शिबाझुके, सलगमाच्या पातळ चकत्यांचं सेन्माइझुके. पण तुकडा केवढा? नखाएवढा! आणि मांडलेले प्रकार मोजून चार. ताईंनी अकरा बरण्या उघड्या ठेवल्या होत्या.

याच गल्लीत आरित्सुगु हे सुऱ्यांचं दुकान आहे. १५६० पासूनचं घराणं, मूळचे तलवारी घडवणारे. तलवारींचे दिवस गेले तसे ते स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांकडे वळले. मी खिशाला झेपेल अशी सगळ्यात लहान सुरी घेतली. कारागिराने समोरच छिन्नी-हातोडीने पात्यावर बायकोचं नाव कोरून दिलं. नाव कोरल्यावर घासाघीस कोण करणार? (सुरी चेक-इनच्या बॅगेतच टाका, हातात ठेवू नका.)

दुपारी केइहान लाइनने चुशोजिमा स्टेशनला उतरलो. हा फुशिमी भाग. जमिनीखालचं पाणी मऊ आणि गोड, म्हणून इथे वीसेक साके कारखाने. मी काही दारूचा प्रचार करत नाहीये, ज्यांना चालत नाही त्यांनी फक्त हिशेब बघा. साके म्हणजे तांदळाचं आंबवलेलं पेय, साधारण १५ टक्के अल्कोहोल. कोजी नावाची बुरशी तांदळातल्या स्टार्चची साखर करते आणि त्याच टाकीत यीस्ट त्या साखरेचं अल्कोहोल करतं.

मला भावलं ते वेगळंच. तांदळाचा दाणा जितका जास्त घासाल तितकी चव नाजूक. घासून ६० टक्के किंवा त्याहून कमी दाणा उरला तर गिंजो, ५० टक्के किंवा कमी उरला तर दाइगिंजो. हा आकडा बाटलीवर छापलेला असतो. म्हणजे "महाग का?" याचं उत्तर लेबलच देतं. आपल्या लेबलवर काय असतं? "घरगुती चव, उत्तम दर्जा." याने कुणाला काय कळणार!

गेक्केइकान ही १६३७ ची कंपनी. जुन्या कारखान्यातच त्यांचं संग्रहालय आहे. १९१० साली त्यांनी रेल्वे प्रवाशांसाठी लहान बाटली काढली आणि तिच्या तोंडावर छोटा पेला बसवला. गाडीत पेला कुठून आणणार, ही प्रवाशाची अडचण त्यांनी झाकणातच सोडवली.

तिकीट ६०० येन. त्यात संग्रहालय बघायचं, तीन प्रकारची चव घ्यायची आणि चिनीमातीचा छोटा पेला घरी न्यायचा. रांगेतल्या एकाच्याही तोंडावर आठी नव्हती. जवळच्या साकागुरा कोजीमध्ये तर १८ कारखान्यांच्या १८ घोटांचा सेटच विकत मिळतो. निगाताकडे पोन्शुकान म्हणून जागा आहे, तिथे नाणी विकत मिळतात. नाणं टाका, मशीनमधून एक पेला घ्या. प्रत्येक घोट मोजून घ्यायचा असल्यामुळे माणूस नीट चाखतो, आठवतो आणि बाहेर पडताना त्यातलीच बाटली उचलतो. मीही त्या जुन्या रेल्वे बाटलीची नक्कल घेतलीच. (भारतात येताना दारू दोन लिटरपर्यंतच ड्यूटी फ्री, हे लक्षात असू द्या.)

रात्री हॉटेलवरून ताईंना फोन लावला. म्हटलं, पाच लोणच्यांचं छोटं ताट करा, सोबत ज्वारीच्या भाकरीचे तुकडे. वीस रुपये घ्या आणि बरणी घेतली तर ते वीस वजा करा.

ताई हसल्या. "सर, ते जपान आहे. आमच्याकडे शेजारच्या स्टॉलवर फुकट मिळतंय, मला वीस रुपये कोण देईल?"

मुद्दा खरा आहे. तिकीट काढून आलेला पर्यटक आणि प्रदर्शनात सहज फिरणारं गिऱ्हाईक सारखं नसतं. दोघांनी बराच वेळ आकडेमोड केली. शेवटी ठरलं, दिवाळीच्या प्रदर्शनात पहिले दोन दिवस फुकट चव, पण चारच बरण्या उघड्या आणि तुकडा नखाएवढा. पुढचे दोन दिवस वीस रुपयांचं ताट. चारही दिवसांची वही ताई लिहिणार आहेत: किती जणांनी चाखलं, किती बरण्या गेल्या. तोटा झाला तरी ती वही मी जशीच्या तशी व्हिडिओत दाखवीन, ताईंनी तशी परवानगी दिली आहे.