सातबारावरचा आर आणि बांधावरचा गुंठा

मेट्रिक मापे म्हणजे शाळेत दोन-चार गुणांसाठी पाठ करावयाची आणि कलाशाखेत आल्यावर विसरून जावयाची गोष्ट, असा आपणा बहुतेकांचा समज असतो. परंतु ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी महाविद्यालयात गेलेले असते, त्या घरी वाटणीचा विषय निघाला की सातबाराचा उतारा त्याच्याच पुढे सरकवला जातो. ‘एवढे शिकतोस, मग सांग किती भरते ते!’ अशा वेळी मराठी-इतिहासाचा अभ्यास कामास येत नाही. आरचे गुंठे करता यावे लागतात. म्हणून हा लेखनप्रपंच.

भारतात १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक मापे टप्प्याटप्प्याने लागू झाली. तागडीतला शेर गेला, कारण दुकानातली वजनेच बदलली. जमिनीचे तसे नाही. बांध जागच्या जागी राहिला, बदलला तो कागद. सातबारावर हेक्टर-आर आले; लोकांच्या तोंडी एकर-गुंठेच राहिले आणि सौदाही बहुधा गुंठ्यावरच ठरतो. घोळ होतो तो नेमका या दोहोंच्या मध्ये.

गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद असा चौरस. त्याचे क्षेत्रफळ १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. आर हा शब्द मात्र फ्रान्सचा. तेथील १७९५ च्या कायद्याने मीटर, लिटर, ग्रॅम यांच्याबरोबरच तो जन्मास आला. १० मीटर लांब व १० मीटर रुंद, म्हणजे १०० चौरस मीटर, हा एक आर. आणि १०० आरांचा एक हेक्टर.

आता गंमत पाहा. ३३ फूट म्हणजे १०.०५८४ मीटर. गुंठ्याची बाजू आराच्या बाजूहून जेमतेम सहा सेंटिमीटरने मोठी! म्हणून ‘आर म्हणजे गुंठाच’ असे सर्रास म्हटले जाते, आणि अंगणाएवढ्या जागेत ते चालूनही जाते. पण गुंठा १०१.१७ चौरस मीटरांचा आहे. चार हेक्टर, म्हणजे ४०० आर जमीन ४०० गुंठे धरून दहा एकर म्हणून विकत घेतली, तर प्रत्यक्षात मिळतात ३९५.३७ गुंठे. साडेचार गुंठ्यांहून अधिक जागेचे पैसे फुकट गेले. आजच्या भावाने ही रक्कम लहान नव्हे.

दुसरा घोळ ठिपक्यांचा. सातबारावर २.०२.३४ असे लिहिलेले असते. पहिला आकडा हेक्टरचा, दुसरा आरांचा, तिसरा चौरस मीटरांचा. एकरवाल्या माणसाला वाटते, आपली पाच एकर होती, कागदावर दोनच राहिली! जमीन तेवढीच आहे. माप मोठे झाले म्हणून आकडा लहान झाला. याची पडताळणी अगदी सोपी आहे. ठिपके पुसून टाकावेत, उरतात ते चौरस मीटर: २०,२३४. त्यांना १०१.१७ ने भागले की २०० गुंठे आले, आणि ४० ने भागले की पाच एकर. मात्र ०.०५ आणि ०.५० यांत दसपटीचा फरक आहे. पहिले पाच गुंठ्यांना किंचित कमी, दुसरे सव्वा एकराच्या आसपास. तोंडी दोन्हीला ‘पॉइंट पाच’ म्हणणारे लोक आहेत, म्हणून उतारा कानाने ऐकू नये, डोळ्यांनी वाचावा. जुन्या कागदांची तऱ्हा निराळीच. तेथे १ एकर २० गुंठे म्हणजे दीड एकर, १.२० नव्हे, कारण एकर शंभराचा नसून चाळिसाचा आहे.

तिसरी गोष्ट मात्र शास्त्राचे विद्यार्थीही विसरतात. एक मीटर म्हणजे ३.२८ फूट हे सर्वांना ठाऊक असते. मग ३० मीटर लांब व ४० मीटर रुंद जागेचे १,२०० चौरस मीटर झाले की त्यांना ३.२८ ने गुणून ३,९३६ चौरस फूट काढतात, म्हणजे साडेतीन गुंठ्यांच्या थोडे वर. हे साफ चूक. लांबीही फुटांत न्यायची आहे आणि रुंदीही, म्हणून ३.२८ ने दोनदा गुणावे लागते. ९८.४ गुणिले १३१.२, म्हणजे सुमारे १२,९१० चौरस फूट. पावणेबारा गुंठ्यांहून अधिक! वाळूच्या ब्रासला तर तीनदा, कारण तेथे उंचीही आली. १०० घनफुटांचा ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर.

आकड्यापुढे एकक लिहिण्याचा कंटाळा केला नाही, तर ही चूक आपोआप डोळ्यांत भरते. मीटर गुणिले मीटर म्हणजे चौरस मीटर. त्यातला एकच मीटर काढून तेथे फूट ठेवला, तर उरते मीटर-फूट, आणि त्या मापाने जमीन मोजणारा मोजणीदार अद्याप कोणत्याही तालुक्यात नेमलेला नाही.