कंसाबाहेर काय काढायचे?

पावसाळ्यात शहापूर-मुरबाडकडे गेलात तर भाताची खाचरे एकमेकांना खेटून असलेली दिसतात. शेजारच्या दोन खाचरांमध्ये बांध एकच असतो आणि तो दोन्ही खाचरांचा असतो. समजा, या बांधाची लांबी अ मीटर, एका खाचराची रुंदी ब मीटर व दुसऱ्याची क मीटर आहे. (खाचरे आयताकृती आहेत असे आपण धरू. उतारावरची खरी खाचरे इतकी शहाणी नसतात!) दोन्हींचे मिळून क्षेत्रफळ अब + अक चौरस मीटर. आता मधला बांध काढून टाकला तर एकच मोठे खाचर होईल. त्याची लांबी अ, रुंदी ब + क. बांधाची जाडी सोडून दिली तर जमीन काही वाढली नाही की घटली नाही. म्हणून

अब + अक = अ(ब + क)

डाव्या बाजूला बेरीज आहे, उजव्या बाजूला गुणाकार. बेरजेचे असे गुणाकारात रूपांतर करणे म्हणजेच अवयव पाडणे. दोन्ही पदांत असलेला अ हा सामाईक अवयव. तो कंसाबाहेर आला.

आता १२अब + १८अक + ६अ ही राशी घ्या. १२, १८ आणि ६ यांचा मसावि ६, आणि अ तर तिन्ही पदांत आहे. तेव्हा बाहेर ६अ काढू. आत काय उरले? २ब, ३क आणि... पुष्कळ जण इथेच थांबतात. ६अ मधून ६अ बाहेर काढला, मग आत काय राहणार, असे त्यांना वाटते. पण आपण वजाबाकी करीत नाही, भागाकार करीत आहोत. ६अ ला ६अ ने भागले की १ उरतो. उत्तर ६अ(२ब + ३क + १). पटत नसेल तर अ, ब, क तिन्ही १ धरा. मूळ राशी ३६ होते. कंसातला १ विसरलात तर ३०च येतील.

पण हा खटाटोप करायचा कशासाठी? त्यासाठी थोडा घाट चढू. शहापूरचे स्टेशन आसनगाव. तेथून कसारा-इगतपुरीमार्गे नाशिककडे जाताना देवळाली लागते. तेथील शाळेत दत्तात्रय रामचंद्र कापरेकर गणित शिकवीत. त्यांचा जन्म १९०५ साली डहाणूचा. ते गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्याविषयी लिहिले आणि ते जगभर माहीत झाले.

कापरेकरांची गंमत अशी. चार अंकी कोणतीही संख्या घ्या. फक्त चारही अंक सारखे नकोत. ३५२४ घेऊ. अंक उतरत्या क्रमाने मांडून ५४३२, चढत्या क्रमाने २३४५. वजाबाकी ३०८७. पुन्हा तसेच करा: ८७३० − ०३७८ = ८३५२. पुन्हा: ८५३२ − २३५८ = ६१७४. आता ७६४१ − १४६७ = ६१७४. गाडी येथेच थांबते! वजाबाकी तीन अंकी आली तर पुढे शून्य लिहायचे. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच.

अशा चार अंकी संख्या ८९९१ आहेत. सगळ्या तपासायच्या की काय? उतरत्या क्रमाने अंक अ, ब, क, ड धरा. वजाबाकी होते

९९९अ + ९०ब − ९०क − ९९९ड

चारही पदांत ९ आहे, हे तर दिसतेच. पण आधी पहिले व शेवटचे पद एकत्र घ्या, मधली दोन एकत्र घ्या:

९९९(अ − ड) + ९०(ब − क) = ९[१११(अ − ड) + १०(ब − क)]

म्हणजे प्रत्येक वजाबाकीला ९ ने भाग जाणार. याहून मोठी गोष्ट म्हणजे मूळ चार अंक आता महत्त्वाचे राहिलेच नाहीत. उरले फक्त दोन फरक. अ − ड हा १ ते ९ पर्यंत असू शकतो आणि ब − क हा शून्यापासून फार तर अ − ड इतका. म्हणजे २ + ३ + ४ + ... + १०, एकूण ५४ जोड्या. ८९९१ संख्यांचे काम ५४ वर आले! एवढ्या वजाबाक्या तर एका सुटीच्या दिवशी वहीत होतात.

तीन अंकी संख्येवर हाच प्रयोग करून पाहा. तेथे मधला अंक वजाबाकीत उडून जातो आणि ९९(अ − क) एवढेच उरते. तपासायच्या जोड्याही नाहीत, फक्त नऊ फरक. गाडी कोणत्या संख्येवर थांबते ते तुम्हीच शोधा.