एकाच मळ्यातील अनेक मिश्रणे : रेड ब्लेंडची बाटली कशी वाचावी

अमेरिकेतील वाइनच्या दुकानात ‘कॅबर्ने सोव्हिन्यों’ किंवा ‘पिनो न्वार’ असे एकाच द्राक्षजातीचे नाव मिरवणारी बाटली आपण निःशंकपणे उचलतो. नुसते ‘रेड वाइन’ किंवा ‘रेड ब्लेंड’ असे लिहिलेली बाटली मात्र पुष्कळदा बाजूला राहते. मिश्रण म्हणजे उरलासुरला माल एकत्र करून खपवण्याची युक्ती, अशी समजूत त्यामागे असते. ही समजूत सर्वस्वी निराधार नाही. ठिकठिकाणची स्वस्त वाइन विकत घेऊन, एकसारखी चव साधून बाजारात आणलेली मिश्रणे असतातच. पण एकाच कुटुंबाने स्वतःच्या मळ्यात पिकवलेल्या द्राक्षांतून केलेले मिश्रण ही वेगळी गोष्ट आहे.

शिवाय एकाच द्राक्षाची म्हणून घेतलेली वाइन तरी कितपत एकजातीय असते? अमेरिकेच्या केंद्रीय नियमांनुसार लेबलावर एका जातीचे नाव लावण्यासाठी त्या जातीचे प्रमाण साधारणतः किमान ७५ टक्के असले की पुरते. उरलेल्या चतुर्थांशात कोणती द्राक्षे आहेत, हे सांगण्याचे बंधन नाही. तेव्हा बाटलीत मिश्रण आहे की नाही, हा मुख्य प्रश्न नव्हेच. ते कोणत्या मळ्यातले आहे आणि ते करताना काय निवडले, काय वगळले, हे पाहायला हवे.

कॅलिफोर्नियातील पासो रोब्लेस येथील ‘टाब्लस क्रीक’ हा मळा या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. अमेरिकन आयातदार रॉबर्ट हास यांचे कुटुंब आणि फ्रान्समधील ‘शातो द बोकास्तेल’चे पेराँ कुटुंब यांनी १९८९ साली भागीदारीत ही जमीन घेतली. चुनखडीयुक्त माती, दिवसा कडक ऊन आणि रात्री समुद्राकडून येणारा गारवा, या गुणांमुळे दक्षिण फ्रान्समधील ऱ्होन खोऱ्यातील द्राक्षे इथे रुजतील, असा त्यांचा अंदाज होता. बोकास्तेलहून आणलेल्या वेलींच्या काड्यांना आधी सरकारी विलगीकरणात ३ वर्षे काढावी लागली. त्यानंतर रोपे वाढवणे, लागवड आणि पहिले पीक. दशकभराची ही प्रतीक्षा दोन कुटुंबांनी पत्करली. रॉबर्ट हास २०१८ साली निवर्तले. आज त्यांचे पुत्र जेसन हास हा मळा सांभाळतात.

इथल्या तांबड्या मिश्रणांचा कणा चार जातींचा आहे. ‘ग्रेनाश’ रसाळ, लाल फळांची चव देणारे आणि भरपूर साखर धरणारे. पण हवेच्या संपर्काने ते लवकर उतरते. ‘मूर्वेद्र’ सर्वांत उशिरा पिकते. मातकट, किंचित मांसल गंध आणि भक्कम बांधा हे त्याचे गुण, आणि हवेचा मारा ते चांगला सोसते, म्हणून ग्रेनाशला त्याची सोबत मानवते. ‘सिरा’ म्हणजे नाशिकच्या वाइनमुळे आपल्याला परिचित असलेले ‘शिराझ’च, गडद रंग, मिऱ्याची छटा आणि टॅनिनचा तुरटपणा त्यातून येतो. ‘कूनवाझ’ रंगाने फिके, पण आंबटपणाने मिश्रणाला टवटवी आणणारे. एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढावी, असे हे नाते आहे.

आपल्या गोडा मसाल्याची रीत आठवावी. धणे, खोबरे, तीळ, दगडफूल सारे एकदम कढईत टाकले, तर खोबरे करपते आणि धणे कच्चे राहतात. म्हणून प्रत्येक जिन्नस वेगळा भाजतात आणि मग एकत्र कुटतात. दगडफूल नुसते चाखवत नाही, पण चिमूटभर नसले तर मसाला मसाला वाटत नाही. द्राक्षेही वेगवेगळ्या वेळी पिकतात, वेगवेगळी तोडली जातात आणि बहुतांशी वेगवेगळीच आंबवली जातात. मिश्रणाचा निर्णय त्यानंतरच्या वसंतात होतो. प्रत्येक तुकडीचा नमुना कोणता हे न सांगता चाखला जातो, प्रतवारी लागते आणि निरनिराळी प्रमाणे करून पाहिली जातात.

या प्रतवारीतूनच एका मळ्याच्या अनेक बाटल्या जन्मतात. ‘एस्प्री द टाब्लस’ ही मळ्याची मुख्य ओळख. तिच्यात मूर्वेद्र अग्रस्थानी असते, बहुधा ४० टक्क्यांच्या आसपास, आणि ग्रेनाश, सिरा व कूनवाझ त्याला साथ देतात. ही वाइन मोठ्या ओक पिंपांत मुरते आणि बाटलीत अनेक वर्षे टिकते. ‘कोत द टाब्लस’मध्ये ग्रेनाश पुढे असते. ती अधिक फळदार, लवकर पिण्याजोगी आणि कमी किमतीची. ‘पानोप्ली’ ही मोजक्या, निवडक तुकड्यांची मूर्वेद्रप्रधान वाइन. ‘आँ गोब्ले’मागचे तत्त्व वेगळे आहे. तारांचा मांडव न करता झुडपासारख्या वाढवलेल्या आणि पाटपाण्याशिवाय जगणाऱ्या वेलींची द्राक्षे तिच्यात येतात.

म्हणजे ‘कोत’ ही कमअस्सल वाइन नव्हे. ‘एस्प्री’च्या चौकटीत न बसलेल्या चांगल्या तुकड्यांना ती वेगळी, योग्य जागा देते. अशी दुसरी बाटली नसती, तर प्रत्येक पिंप मुख्य वाइनमध्ये ओतण्याचा मोह झाला असता. वरच्या बाटलीचा दर्जा खालच्या बाटलीच्या आधारावर उभा असतो.

याच घराची ‘पातलँ द टाब्लस’ ही वाइन लेबल वाचण्याचा खरा धडा देते. ‘पातलँ’ म्हणजे फ्रेंच बोलीत आपला परिसर, आपला गाव. तिच्यातील बहुतेक द्राक्षे परिसरातील इतर बागायतदारांकडून घेतलेली असतात. तीत लबाडी काही नाही. नावच तसे सुचवते. पण घर तेच असले तरी प्रत्येक बाटली त्या मळ्याची नसते, हे ग्राहकाने ओळखावे.

ते ओळखण्यासाठी ‘एस्टेट बॉटल्ड’ हे शब्द शोधावेत. त्यांना कायद्याचा आधार आहे. वाइनरी आणि मळा दोन्ही लेबलावरील अधिकृत द्राक्षप्रदेशात असले पाहिजेत. सर्व द्राक्षे वाइनरीच्या मालकीच्या किंवा तिच्या ताब्यातील जमिनीवर तिनेच पिकवलेली असावीत, आणि गाळण्यापासून बाटली भरण्यापर्यंतची कामे तिनेच केलेली असावीत. भाडेपट्ट्याने घेतलेली जमीनही यात चालते, मात्र तो करार किमान ३ वर्षांचा हवा. याउलट ‘रिझर्व्ह’ या भारदस्त शब्दाला केंद्रीय नियमांत व्याख्याच नाही. ‘मेरिटेज’ हा शब्द दिसला, तर ते बोर्दो घराण्याच्या द्राक्षांचे मिश्रण समजावे. १९८८ साली कॅलिफोर्नियातील उत्पादकांनी रूढ केलेल्या या नावाच्या अटीनुसार त्यात कोणतीही एक जात ९० टक्क्यांहून अधिक चालत नाही.

‘कुटुंबाच्या मालकीचे’ हे वर्णन मात्र लेबलावरून ताडता येत नाही, आणि ते कायमचेही नसते. १९७४ पासून ‘इन्सिग्निया’ हे नामांकित मिश्रण करणारी नापाची जोसेफ फेल्प्स वाइनरी २०२२ साली फ्रेंच उद्योगसमूह एलव्हीएमएचकडे गेली. जोडीला शेफर कुटुंबाची वाइनरीही त्याच वर्षी एका कोरियन समूहाने घेतली. मालक बदलला म्हणून वाइन बिघडते असे नाही. परंतु कमी पिकाच्या वर्षी मुख्य वाइन थोडीच काढायची आणि उत्पन्नावर पाणी सोडायचे, हा निर्णय पुढच्या पिढीचा विचार करणाऱ्याला तुलनेने सोपा जातो.

निवड करताना एक साधा उपाय आहे. एकाच मळ्याची, एकाच वर्षाची दोन मिश्रणे शेजारी ठेवून चाखावीत. जमीन आणि हवामान सारखेच असल्याने उरलेला फरक प्रामुख्याने निवडीचा असतो. कांदा-खोबऱ्याच्या वाटणातील मटणाशी मूर्वेद्रप्रधान वाइन जुळते. जहाल तांबड्या रश्शासोबत मात्र टॅनिन आणि अल्कोहोल तिखटाचा दाह वाढवतात, म्हणून तिथे हलकी, किंचित थंड केलेली वाइन बरी.

आणि हा विचार आपल्या मातीला परका नाही. सोलापूर जिल्ह्यातील अकलूजला मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेक्ची बंधू यांनी मिळून ‘फ्रातेल्ली’ उभी केली. या इटालियन शब्दाचा अर्थच ‘भाऊ’. तिची ‘सेत्ते’ ही वाइन सांज्योव्हेझे आणि कॅबर्ने सोव्हिन्यों यांचे मिश्रण आहे. पुढच्या भारतभेटीत ती बाटली हाती आली, तर तिलाही हेच प्रश्न विचारावेत : द्राक्षे कोणाच्या मळ्यातली, पुढे कोणती जात, आणि काय वगळले?