ताऱ्यांची पाठशाळा

समुद्रावर नावाड्यांस दिशा दाखविणारे तारे अंतराळातही वाटाड्याचे काम करतात. परंतु तारे ओळखावयाचे, तर ते पुन्हा पुन्हा पाहावयास हवेत. ढगाळ रात्री किंवा भर दुपारी ते कसे दिसणार? ही अडचण तारांगणाने दूर केली.

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात चॅपल हिल नावाचे गाव आहे. तेथील विद्यापीठाच्या आवारात १० मे १९४९ रोजी मोअरहेड तारांगण सुरू झाले. याच विद्यापीठाचे माजी विद्यार्थी जॉन मॉटली मोअरहेड यांनी ते बांधून दिले. अमेरिकेतील विद्यापीठाच्या आवारात उभारलेले हे पहिलेच तारांगण होय. आकाशाचे ज्ञान सामान्य लोकांसही व्हावे, म्हणून त्याची दारे सर्वांसाठी उघडी ठेवण्यात आली.

या तारांगणाच्या घुमटाचा व्यास ६८ फूट आहे. आरंभी त्याच्या मध्यभागी एक मोठे यंत्र होते. यंत्रातील प्रखर दिव्याचा प्रकाश बारीक छिद्रांतून व भिंगांतून घुमटावर पडे. दालनात अंधार झाला, की तेथे ताऱ्यांनी भरलेले आकाश अवतरे. यंत्र फिरू लागताच तारे पूर्वेस उगवत आणि पश्चिमेस मावळत. साऱ्या रात्रीचा हा प्रवास काही मिनिटांतच पाहावयास मिळे.

पुढे अंतराळयुग सुरू झाले. यानाच्या लहानशा खिडकीतून आकाशाचा एक तुकडाच दिसतो. तेवढ्यावरून तारा ओळखता आला पाहिजे. हे शिकण्यासाठी १९७५ पर्यंत ६२ अंतराळवीर येथे येऊन गेले. चंद्रावर प्रथम पाऊल ठेवणारे नील आर्मस्ट्राँग हेही त्यांतलेच. अपोलो यानांच्या मार्गदर्शनासाठी ३७ तारे निवडलेले होते. आपल्या परिचयाचे व्याध, स्वाती, चित्रा आणि अभिजित हे त्यांत होते.

या अभ्यासाची कसोटी मे १९६३ मध्ये लागली. गॉर्डन कूपर हे एकटेच यानातून पृथ्वीप्रदक्षिणा करीत होते. परतीची वेळ जवळ आली आणि यानाची स्वयंचलित नियंत्रणव्यवस्था बंद पडली. यानाचा कोन चुकता, तर प्राणांवरच बेतले असते. कूपर यांनी धीर सोडला नाही. खिडकीतून दिसणारे तारे ओळखून त्यांनी दिशा ठरविली, मनगटावरील घड्याळावरून वेळ साधली आणि स्वतःच्या हातांनी यान वळविले. ते पॅसिफिक महासागरात, वाट पाहणाऱ्या जहाजाजवळ सुखरूप उतरले.

आज या तारांगणाला विज्ञानकेंद्राची जोड मिळाली आहे. जुन्या यंत्राची जागा नव्या साधनांनी घेतली आहे. ज्या घुमटाखाली अंतराळवीरांनी तारे ओळखण्याचे धडे गिरविले, त्याच घुमटाखाली आता शाळेतील मुले बसतात. यंत्र कितीही कुशल असले, तरी ते केव्हा तरी थांबते. अशा वेळी मनुष्याने मिळविलेले ज्ञानच त्याच्या उपयोगी पडते.