‘कूड’ : मुंबईतील नवागत गोमंतकीयांचा आधार

प्रस्तावना

स्थलांतराच्या अभ्यासात दोन प्रश्नांवर विपुल लेखन झालेले आहे. माणूस गाव का सोडतो हा एक, आणि शहरात स्थिरावल्यानंतर त्याचे जीवन कसे बदलते हा दुसरा. या दोहोंच्या मध्ये येणारा काळ, म्हणजे नवख्या शहरात पाऊल ठेवल्यापासून हाताला काम मिळेपर्यंतचे काही आठवडे, हा मात्र बहुधा दुर्लक्षित राहतो. वस्तुतः नवागताचे पुढील आयुष्य कोणत्या दिशेने जाणार हे याच काळात ठरत असते. पहिल्या रात्री झोपायचे कोठे, ओळख कोणाची सांगायची, पैसे संपले तर हात कोणापुढे पसरायचा, या प्रश्नांची उत्तरे एखाद्या समाजाने स्वतःच कशी शोधली याचे एक लक्षणीय उदाहरण म्हणजे मुंबईतील गोमंतकीयांची ‘कूड’ होय. प्रस्तुत लेखात या संस्थेची रचना व तिच्या मर्यादा स्पष्ट करून, आज स्वतः स्थलांतरितांचे गंतव्य बनलेल्या गोव्याच्या संदर्भात तिचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

गोवा १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली होता. मुंबईत नोकरीसाठी येणारा गोमंतकीय हा त्यामुळे कायद्याने परकीय राज्याचा प्रजाजन होता. भाषेने व आचाराने तो शेजारचाच असला तरी त्याचे कागदपत्र वेगळे, चलन वेगळे आणि ब्रिटिश हिंदुस्थानातील सरकारदरबारी त्याची दाद घेणारे कोणी नव्हते. गोव्यात उद्योगधंदे नगण्य होते, शेतजमीन अपुरी होती आणि पोर्तुगीज भाषेतील शिक्षणाला नोकऱ्यांच्या बाजारात फारशी किंमत नव्हती. एकोणिसाव्या शतकात मुंबई वाढू लागली तसा हा ओघ वाढला. १८८० च्या दशकात मुरगाव बंदर रेल्वेने जोडले गेल्यावर प्रवासही सुकर झाला. आचारी, बटलर, शिंपी, पाववाले, वादक, आया आणि मुख्यतः बोटींवरील खलाशी व कारभारी नोकर (कोकणीत ‘तारवटी’) अशी ही माणसे होती.

यांपैकी तारवट्याची अडचण सर्वांत विचित्र होती. त्याचे काम मुंबईत नसे, समुद्रावर असे. पण काम मिळवण्यासाठी मुंबईतच थांबावे लागे. एक सफर संपल्यावर दुसऱ्या बोटीवर नाव लागेपर्यंत काही आठवडे, कधी काही महिने जात. एवढ्यासाठी घर भाड्याने घेणे परवडणारे नव्हते आणि गावी परतले तर संधी हुकण्याचे भय होते. कुडीचा जन्म या गरजेतून झाला.

कुडीची रचना

कोकणीत ‘कूड’ म्हणजे खोली. (मराठीत कूड म्हटले की काटक्यांची भिंत डोळ्यांपुढे येते, येथे तो अर्थ अभिप्रेत नाही.) एका गावच्या लोकांनी एकत्र येऊन मुंबईत एखादी मोठी खोली किंवा मजला भाड्याने घ्यावा आणि गावच्या कोणाही पुरुषाला तेथे अल्प वर्गणीत राहता यावे, एवढीच मूळ कल्पना. इंग्रजीत या संस्थांना ‘क्लब’ म्हटले जाई व दारावरील पाटीवर गावाचे नाव असे. धोबीतलाव, कावेल, डाबूळ, माझगाव या भागांत अशा अनेक कुडी होत्या. धोबीतलावच्या जेर महाल या एकाच इमारतीत कित्येक गावांच्या कुडी नांदत असत.

आत पाहावे तर थाट काहीच नाही. भिंतीलगत ओळीने मांडलेल्या पेट्या, रात्री जमिनीवर अंथरलेल्या चटया आणि एका टोकाला गावच्या संरक्षक संताची वेदी. पेटी ही सदस्यत्वाची खूण होती असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. सदस्य दूर समुद्रावर असला तरी त्याची पेटी कुडीत राही, आणि पेटी आहे तोवर त्याची जागा आहे. संध्याकाळी सर्वांनी मिळून ‘तेर्स’, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणण्याचा दंडक होता. दारू, जुगार व रात्री उशिरा परतणे यांवर निर्बंध असत. गावात ज्या दिवशी फेस्त त्याच दिवशी कुडीतही फेस्त साजरे होई. अध्यक्ष, खजिनदार इत्यादी पदाधिकारी सदस्यांतूनच निवडले जात आणि हिशोब सर्वांसमोर मांडला जाई.

या नियमांकडे केवळ धार्मिक शिस्त म्हणून पाहणे अपुरे होईल. कुडीचे खरे देणे निवारा नव्हते, हमी हे होते. नव्याने आलेला तरुण कोणाचा कोण हे येथे कोणाला विचारावे लागत नसे. त्याला कोणत्या कचेरीत कधी जावे हे जाणत्या तारवट्यांकडून कळे, भरतीच्या वेळी त्याच्यासाठी शब्द टाकला जाई, काम मिळेपर्यंत त्याची वर्गणी थांबवता येई. आजारपणात पाहणारे कोणी असे. मृत्यू ओढवला तर अंत्यविधीची व्यवस्था कूड करी आणि गावी निरोप पाठवी. घरची पत्रे कुडीच्या पत्त्यावर येत. उलट, तरुण बहकला तर ती बातमीही तितक्याच तत्परतेने गावी पोहोचत असणार! हमी देणाऱ्याला लक्ष ठेवण्याचा अधिकार आपोआप मिळतो. आधार आणि पाळत या एकाच व्यवस्थेच्या दोन बाजू होत्या.

गोव्यात ‘गांवकारी’ ही गावच्या जमिनीची सामुदायिक व्यवस्था पोर्तुगीजांच्या आगमनापूर्वीपासून होती. सामाईक मालमत्ता, सदस्यांची सभा आणि गावाशी जन्माने जोडलेला हक्क ही तिची लक्षणे कुडीत बदललेल्या रूपात आढळतात. शहरात आलेल्या माणसांनी नवी संस्था शून्यातून उभारली नाही, परिचित व्यवस्थेलाच मुंबईच्या भाड्याच्या खोलीत आणून बसवले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

१७ एप्रिल १८९२ रोजी ‘इटालियन भुरगो’ या नाटकाने कोकणी तियात्राचा प्रारंभ झाला, तो गोव्यात नव्हे, मुंबईत. एकट्या पुरुषांच्या या वस्तीला करमणुकीची आणि आपल्या भाषेची किती भूक होती याची त्यावरून कल्पना येते.

मर्यादा

कुडीचे गुणगान करणाऱ्या लेखनात एक गोष्ट सहसा निसटते. कूड सर्वांचे स्वागत करीत नव्हती. ती गावच्या माणसाचे स्वागत करी. ज्याच्या गावाची कूड नाही त्याला दार नव्हते. काही गावांच्या एकाहून अधिक कुडी होत्या आणि त्यांची विभागणी वाड्यावार किंवा जातीवार झालेली होती. धर्मांतरानंतरही टिकलेला जातिभेद समुद्र ओलांडून आला नाही, पण बोटीने मुंबईपर्यंत नक्कीच आला. स्त्रियांचा प्रश्न तर याहून गंभीर होता. घरकामासाठी व आया म्हणून मुंबईत येणाऱ्या गोमंतकीय स्त्रियांची संख्या लहान नव्हती, तरी कूड ही प्रायः पुरुषांची संस्था राहिली.

ती ख्रिस्ती समाजाची होती हेही उघड आहे. गोमंतकीय हिंदूंनी १९१९ मध्ये मुंबईत ‘गोवा हिंदू असोसिएशन’ स्थापन केली. मराठी वाचकास ती ‘नटसम्राट’ (१९७०) सारख्या नाटकांची निर्माती म्हणून परिचित आहे. परंतु मुंबईतील आपल्या समाजबांधवांना साहाय्य करणे हेही तिचे काम होते. गिरणगावात तीच गरज ‘गावाच्या खोली’ने आणि खानावळीने भागवली. १९११ च्या जनगणनेत मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते, आणि त्यांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका महिनाअखेरपर्यंत उधारीवर स्वयंपाक करीत. नवागताला दिलेली ही उधारी म्हणजे एक प्रकारचे स्वागतच होते, फक्त त्याचा भार सावकाराच्या व्याजाच्या रूपाने त्या बायकांवर पडे. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना करून या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा तो भार प्रथमच दृश्य झाला.

आजचा गोवा

गोवा मुक्त झाल्यावर गोमंतकीयाचे मुंबईतील परकेपण कायद्याने संपले. पुढे आखाती देशांच्या वाटा खुल्या झाल्या, बोटींवरील भरतीचे स्वरूप बदलले आणि कुडींतील वर्दळ ओसरली. भाडेनियंत्रणाच्या कायद्यामुळे जुन्या जागा अल्प भाड्यात टिकून राहिल्या, आणि याच जागांवर आता पुनर्विकासाची टांगती तलवार आहे.

दरम्यान ओघाची दिशाही बदलली. आज वास्को परिसरातील झुआरीनगर, मडगावचा मोती डोंगर येथे शेजारच्या कर्नाटकातून आणि त्याहून दूरच्या राज्यांतून आलेले श्रमिक राहतात. गोव्यातील बांधकाम, मासेमारी व पर्यटन यांचे गाडे त्यांच्या श्रमांवर चालते. तरीही त्यांच्यासाठी आपल्या तोंडी असलेला शब्द ‘घाटी’ हा आहे, आणि तो केवळ भौगोलिक अर्थाने उच्चारला जात नाही हे आपण जाणतो. ज्यांच्या आजोबांची पेटी धोबीतलावला होती अशा घरांतूनही तो ऐकू येतो. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १४.५८ लाख लोकसंख्या असलेल्या छोट्या राज्यात भाषा, जमीन व मतदारसंघ यांबाबत वाटणारी चिंता निराधार नाही. पण ती चिंता आणि नवागताला अपमानित करणे या भिन्न गोष्टी आहेत.

या वस्त्यांत नीट पाहिले तर बिननावाच्या कुडी दिसतात. एकाच गावचे पाच-सहा जण एका खोलीत राहतात, सामाईक स्वयंपाक करतात, कामाची खबर एकमेकांना देतात. फरक एवढाच की त्यांच्या दारावर पाटी नसते व करार घरमालकाच्या तोंडी शब्दावर असतो. शासनाशी त्यांची पहिली गाठ पडते ती बहुधा पोलिसांच्या भाडेकरू पडताळणीच्या वेळी. हमी देणारी व्यवस्था आतल्या आत आहे, बाहेर तिला मान्यता नाही. २०२० च्या टाळेबंदीत रोजगार थांबताच या खोल्या किती असुरक्षित आहेत हे उघड झाले आणि मे महिन्यात श्रमिक रेल्वेगाड्यांतून हजारो मजूर गोव्यातून परतले. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा कंत्राटदारामार्फत आणलेल्या मजुरांपुरता होता. स्वतःहून, गाववाल्याच्या बोलावण्यावर आलेला माणूस त्याच्या कक्षेबाहेरच राही.

एर्नाकुलम जिल्ह्यातील शाळांत २०१७ पासून ‘रोशनी’ हा उपक्रम सुरू झाला. त्यात स्थलांतरित मुलांना त्यांच्या स्वतःच्या भाषेच्या आधाराने मल्याळमकडे नेले जाते. गोव्यातील अनेक प्राथमिक वर्गांत आज घरी कन्नड बोलणारी मुले बसतात आणि कोकणी किंवा मराठीतून शिकतात. त्यांना शिकवणाऱ्या शिक्षकांना प्रशिक्षण देणे आपल्या शिक्षणशास्त्र महाविद्यालयांना शक्य आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी दरवर्षी गाव शोधणाऱ्या महाविद्यालयांना तर फार दूर जावे लागणार नाही. शिधापत्रिका दुसऱ्या राज्यात चालते हे वस्तीतील कित्येक कुटुंबांना सांगणारे कोणी भेटलेले नसते. भाडेकरार लिहून घेणे, शाळेचा दाखला मागवणे, बँकेत खाते उघडणे ही कामे कुडीतला जाणता तारवटी एके काळी नवख्यासाठी करीत असे.